नोकरी सोडावी कीं सोडूं नये : सन १८७९ सालचीं तीन उदाहरणें

श्रोतेहो, कायमची नोकरी हा आपल्याकडे घरोघरींचा विषय आहे. मुलगा नोकरीस लागला म्हणजे शेजारींपाजारीं पेढे वांटले जातात. आणि तोच मुलगा चार-सहा वर्षांनीं "नोकरी सोडतों" असें म्हणाला म्हणजे घरांतील वडील माणसें अन्नाचा घास हातांत धरून त्याच्या तोंडाकडे पाहत राहतात. मी शाळेंतून निवृत्त झाल्यापासून माझे जुने विद्यार्थी हाच प्रश्न घेऊन अधूनमधून येतात. "मास्तर, जागा पक्की आहे, पण मन तेथें नाहीं, काय करावें?" मी त्यांस सल्ला देत नाहीं. दुसऱ्याच्या चुलीवर काय शिजतें हें ज्यास ठाऊक नाहीं त्यानें सल्ला देऊं नये. परंतु आयुष्यभर इतिहास शिकविल्यामुळें एका सालाची हकीकत मात्र मी त्यांस सांगत असतों, आणि तीच आज आपणांपुढें ठेवतों.

तें साल १८७९. त्या सालचा जानेवारी उजाडला तेव्हां ज्यांचें नांव पुण्याशीं कायमचें जोडलें गेलें आहे असे तीन पुरुष इंग्रज सरकारच्या चाकरींत होते. एक लष्करी हिशेबखात्यांत कारकून, दुसरा सरकारी हायस्कुलांत शिक्षक, तिसरा न्यायाधीश. सालअखेर पहिल्यास जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झालेली होती, दुसरा राजीनामा देऊन नव्या शाळेच्या तयारींत गुंतला होता, आणि तिसरा धुळ्यास मुकाट्यानें आपलें न्यायदानाचें काम करीत होता. पहिले वासुदेव बळवंत फडके, दुसरे विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि तिसरे महादेव गोविंद रानडे.

प्रथम त्या काळची सरकारी नोकरी म्हणजे काय होती हें ध्यानांत घेतलें पाहिजे. पेशवाई १८१८ सालीं बुडाली आणि दरबारावर जगणारीं हजारों कुटुंबें उघडीं पडलीं. फडणिशी, कारकुनी, शास्त्र्यांची दक्षिणा, शिलेदारी यांचे आधार एकेक करून तुटले. पुढें १८५७ सालीं मुंबईस विद्यापीठ स्थापन झालें आणि इंग्रजी शिकलेल्या मुलास कचेरींत, शाळेंत किंवा न्यायालयांत जागा मिळूं लागली, तेव्हां त्या कुटुंबांस हें नवें वतनच सांपडलें असें वाटलें तर नवल नाहीं. पाऊस पडो वा न पडो, पहिल्या तारखेस पगार. पंचावन्नाव्या वर्षीं निवृत्ति आणि मग मरेपर्यंत पेन्शन. मात्र या पेन्शनीस एक गांठ होती. मनुष्यानें मध्येंच आपण होऊन राजीनामा दिला कीं त्याची मागची सारी नोकरी पेन्शनीच्या हिशेबांतून पुसली जाई. दोन वर्षें केलेली नोकरी सोडणें निराळें आणि पंधरा वर्षें केलेली सोडणें निराळें. जितकें अधिक दिवस राहावें तितकें सोडणें महाग. दोर हळूहळू आंवळत जावा अशी ती रचना होती, आणि ज्यांनीं ती केली ते व्यवहारांत कच्चे नव्हते.

आतां फडक्यांकडे वळूं. त्यांची हकीकत पुष्कळांस ठाऊक आहे, म्हणून मी येथें फार थांबत नाहीं. कुलाबा जिल्ह्यांतील शिरढोण गांवीं १८४५ सालीं त्यांचा जन्म झाला. पुण्यास लष्करी हिशेबाच्या कचेरींत त्यांनीं जवळजवळ पंधरा वर्षें कारकुनी केली. आई आजारी असल्याचें कळलें तेव्हां त्यांनीं रजा मागितली. ती वेळेवर मिळाली नाहीं, आणि ते घरीं पोंचले तेव्हां आई गेलेली होती. पुढील वर्षीं तिच्या श्राद्धासाठींही रजा नाकारण्यांत आली. मराठी शाळांतून ही गोष्ट अशी सांगतात कीं जणूं या एका रजेसाठीं त्यांनीं बंड केलें. मला तें पटत नाहीं. रजा नाकारल्यानंतरही त्यांनीं अनेक वर्षें तेथेंच नोकरी केली. मधल्या काळांत १८७६-७७ चा भयंकर दुष्काळ पडला, गांवेंच्या गांवें ओस पडलीं, आणि फडके स्वतः हिंडून तें पाहून आले. रजेचा अपमान त्यांनीं गिळला होता. दुष्काळ गिळवला नाहीं असें म्हणणें अधिक खरें होईल. फेब्रुवारी १८७९ मध्यें ते रामोशी साथीदार घेऊन डोंगरांत शिरले. जुलै महिन्यांत विजापूर जिल्ह्यांतील देवर नावदगी येथें पकडले गेले. पुण्यास खटला चालला, सार्वजनिक काका म्हणजे गणेश वासुदेव जोशी यांनीं त्यांचें वकीलपत्र घेतलें. आणि अखेर एडनच्या तुरुंगांत १८८३ सालच्या फेब्रुवारींत वयाच्या अवघ्या सदतिसाव्या वर्षीं त्यांचा अंत झाला. त्यांनीं सोडली ती केवळ नोकरी नव्हे. परतण्याची वाटच त्यांनीं मोडून टाकली. अशा मनुष्यास आपल्या घरगुती प्रश्नाच्या मापानें मोजणें बरोबर नाहीं.

विष्णुशास्त्र्यांची गोष्ट तशी नाहीं. ती आपल्या मापाची आहे, आणि म्हणूनच ती नीट पाहण्याजोगी आहे.

त्यांचा जन्म १८५० सालचा. वडील कृष्णशास्त्री चिपळूणकर सरकारच्या विद्याखात्यांतील नामांकित गृहस्थ. शिक्षक तयार करणाऱ्या ट्रेनिंग कॉलेजाचे प्रमुख, भाषांतरकार, अरबी गोष्टी मराठींत आणणारे. म्हणजे सरकारी नोकरी ही विष्णुशास्त्र्यांस वडिलोपार्जितच होती. १८७२ सालीं डेक्कन कॉलेजांतून ते बी. ए. झाले आणि पुण्याच्या सरकारी हायस्कुलांत शिक्षक झाले. वडिलांच्या हाताखालीं चालणाऱ्या 'शालापत्रक' या मासिकांत ते आधींपासून लिहीत असत. हें मासिक सरकारी पैशानें चाले. त्यांत खात्यास न रुचणारा मजकूर येऊं लागला आणि १८७५ सालीं सरकारनें तें बंद केलें. परंतु त्यापूर्वींच, जानेवारी १८७४ मध्यें, या तेवीस वर्षांच्या शिक्षकानें स्वतःचें मासिक काढलें होतें. तीच 'निबंधमाला'. दुसऱ्या कोणाचा लेख नाहीं, सारा मजकूर एकट्याचा.

श्रोतेहो, येथें जरा थांबा. विष्णुशास्त्र्यांनीं राजीनामा दिला तो १८७९ सालीं. म्हणजे निबंधमाला सुरू झाल्यापासून पांच वर्षांहून अधिक काळ हा मनुष्य दिवसा सरकारचीं मुलें शिकवीत होता आणि रात्रीं आपली माला गुंफीत होता. व्याख्यानांतून आपण ऐकतों तें असें कीं, स्वाभिमानी शास्त्रीबोवांनीं एके दिवशीं नोकरीवर लाथ मारली. लाथ मारली हें खरें. बंधूंस लिहिलेल्या पत्रांत त्यांनीं नोकरीस पायांतील बेडीचीच उपमा दिली आहे. परंतु ती लाथ पांच वर्षें उगारलेली होती. त्या पांच वर्षांत त्यांनीं काय केलें तें पाहा. मालेस वाचक मिळविले. काशिनाथ नारायण साने व जनार्दन बाळाजी मोडक यांच्यासह १८७८ सालीं 'काव्येतिहास संग्रह' सुरू केला, जुने कागद आणि जुनी कविता छापून काढण्यासाठीं. त्याच सुमारास चित्रशाळा काढण्यांत त्यांचा भाग होता. या उद्योगांतून सुखानें पोट भरेल इतकी प्राप्ति होती असें मी म्हणत नाहीं. परंतु नोकरी गेली तर उद्यां सकाळीं उठून करावयाचें काय, हा प्रश्न मात्र त्यांच्यापुढें नव्हता. नोकरी सोडणाऱ्यास पगाराइतकाच हा प्रश्नही खातो.

मग ते इतके दिवस थांबले कां? यास माझें उत्तर असें कीं, वडील हयात होते. कृष्णशास्त्री १८७८ सालीं वारले. ज्या बापाची सारी प्रतिष्ठा विद्याखात्यांतील होती, त्याच्या डोळ्यांदेखत मुलानें त्याच खात्यास पाठ दाखविणें कठीण होतें. हा माझा तर्क आहे, पण तारखा त्यास पोषक आहेत. वडील गेल्यावर दीड वर्षाच्या आंत राजीनामा झाला. दुसरें कारण सरकारनेंच पुरविलें. शास्त्रीबोवांची बदली पुण्याहून रत्नागिरीस झाली. आज हें अंतर कांहीं तासांचें आहे. त्या काळीं मुंबईहून आगबोट धरावी नाहीं तर घाट उतरून जावें, आणि पावसाळ्यांत दोन्ही वाटा बिकट. ज्याची माला पुण्याच्या छापखान्यांत गुंफली जात होती त्यास रत्नागिरीस पाठविणें म्हणजे विणकराचा माग एका गांवीं आणि सूत दुसऱ्या गांवीं. बदली ही शिक्षा नव्हे असें कागदावर नेहमींच लिहिलेलें असतें. ज्यानें नोकरी केली आहे त्यास त्याचा अर्थ सांगावा लागत नाहीं.

मालेंतील निबंधांत डॉक्टर जॉन्सन या इंग्रज ग्रंथकाराचें चरित्र त्यांनीं मोठ्या प्रेमानें लिहिलें आहे. जॉन्सन हा श्रीमंताच्या दारीं न तिष्ठतां लेखणीवर जगलेला पुरुष. शिक्षकाच्या खुर्चीवर बसून तें चरित्र लिहितांना शास्त्रीबोवांच्या मनांत काय चाललें असेल, याची कल्पना करण्यास फार बुद्धि नको.

१८७९ च्या शरद ऋतूंत विष्णुशास्त्री नोकरी सोडून पुण्यास खासगी शाळा काढणार ही वार्ता पसरली. डेक्कन कॉलेजांत बाळ गंगाधर टिळक आणि गोपाळ गणेश आगरकर या दोघां तरुणांचा तसाच बेत चालला होता. ते येऊन शास्त्रीबोवांस मिळाले. या दोघांचा त्याग मोठा खराच. आगरकर तर कराडजवळील टेंभूचे, अत्यंत गरिबींत शिकलेले. आपला मुलगा मोठ्या परीक्षा देऊन मोठ्या पगारावर जाईल या आशेवर आई बसलेली, आणि त्यांनीं तिला पत्र लिहून कळविलें कीं पोटापुरत्या पैशावर संतोष मानून मी लोकांच्या कामीं लागणार. परंतु एक भेद सांगितल्यावांचून राहवत नाहीं. टिळक-आगरकरांनीं जी नोकरी नाकारली ती अजून लागावयाची होती. ताटावर बसण्यापूर्वीं उपास धरणें एक, आणि अर्धें जेवण झाल्यावर पानावरून उठणें दुसरें. त्या तिघांत पानावरून उठले ते एकटे विष्णुशास्त्री.

आणखी कांहीं मंडळींनीं शाळेंत येण्याचें वचन दिलें होतें. ऐन वेळीं तीं आलीं नाहींत. त्यांस भित्रे म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे. मी तसें म्हणणार नाहीं. त्यांच्या घरीं कोण आजारी होतें, किती कर्ज होतें, किती बहिणींचीं लग्नें व्हावयाचीं होतीं, हें इतिहासांत लिहिलेलें नाहीं.

जानेवारी १८८० च्या आरंभीं बुधवार पेठेंतील मोरोबादादांच्या वाड्यांत न्यू इंग्लिश स्कूल उघडलें. आगरकर एम. ए. च्या परीक्षेंत गुंतले होते, ते पुढच्या वर्षीं आले. पहिल्या दिवशीं मुलें थोडीं होतीं. वर्ष संपण्यापूर्वीं त्यांची संख्या तीनशेंच्या वर गेली. महादेव बल्लाळ नामजोशी आले, संस्कृत कोशकार म्हणून पुढें गाजलेले वामन शिवराम आपटे आले. १८८१ च्या जानेवारींत 'केसरी' आणि 'मराठा' निघाले, त्यांसाठीं आर्यभूषण छापखाना उभा राहिला. हें सारें एका राजीनाम्यानंतर पंधरा-सोळा महिन्यांत झालें. सरकारी शाळेंत बसून यांतील एकही गोष्ट करतां आली नसती.

आतां तिसरे गृहस्थ रानडे. त्यांचें उदाहरण मुद्दाम शेवटीं ठेवलें, कारण तरुण मंडळींस तें आवडत नाहीं. रानडे १८७१ पासून पुण्यास न्यायाधीश होते. सार्वजनिक सभेचा खरा मेंदू तेच. १८७८ पासून निघूं लागलेल्या सभेच्या त्रैमासिकांतील बरेचसे लेख त्यांचे, पण त्यांवर नांव नसे. गव्हर्नर सर रिचर्ड टेंपल यांस पुण्याच्या ब्राह्मणांविषयीं संशय होता. १८७८ सालीं रानड्यांस नाशिकास पाठविलें. मे १८७९ मध्यें फडक्यांचें बंड जोरांत होतें, त्यांतच बुधवारवाडा व विश्रामबागवाडा यांस आग लागली, आणि रानड्यांची तडकाफडकी धुळ्यास रवानगी झाली. तेथें त्यांची टपाल फोडून पाहिली जाई. बंडवाल्यांच्या नांवानें बनावट पत्रें त्यांस येत. रानडे तीं उचलून पोलिसांकडे पाठवून देत. रमाबाई रानडे यांच्या आठवणींत त्या दिवसांचें वर्णन आहे. निबंधमालेच्या कर्त्याची केवळ बदली झाली. रानड्यांवर तर राजद्रोहाची सांवली पडली. तरी त्यांनीं राजीनामा दिला नाहीं.

यास भीरुता म्हणावें काय? पुढें काय घडलें तें पाहूं. १८७५ सालीं सुपें येथून सुरू होऊन पुणें व नगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनीं सावकारांचे रोखे जाळले होते. त्या दंग्यांच्या पोटीं, योगायोग पाहा, याच १८७९ सालीं दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा झाला. पुणें, सातारा, सोलापूर व नगर या चार जिल्ह्यांकरितां. सावकारानें रोखा पुढें केला कीं हुकूमनामा द्यावयाचा ही जुनी रीत मोडून, मूळ मुद्दल किती, व्याज किती चढविलें, हें न्यायाधीशानें खोदून पाहावें असें त्या कायद्यानें ठरविलें. कायदा कागदावर चांगला. पण तो अंमलांत आणणारा मनुष्य हवा. रानडे १८८१ पासून या कामावर सहायक म्हणून नेमले गेले आणि १८८७ सालीं विशेष न्यायाधीश झाले. गांवोगांव फिरून खालच्या न्यायालयांचे निकाल तपासावयाचे असें तें काम होतें. धुळ्यास संतापाच्या भरांत त्यांनीं कागद फेकून दिला असता तर ती खुर्ची दुसऱ्या कोणास मिळाली असती, आणि त्या दुसऱ्याची दृष्टि रोख्यापलीकडे गेली असती कीं नाहीं, देव जाणे. १८९३ सालीं रानडे मुंबईच्या हायकोर्टाचे न्यायमूर्ति झाले.

मात्र राहण्याची किंमत त्यांनींही दिली. ज्या विचारांवर महाराष्ट्राचें राजकारण पुढें वीस वर्षें चाललें, ते बहुधा दुसऱ्याच्या तोंडून किंवा नांवावांचून बोलले गेले. १८८५ सालीं राष्ट्रीय सभा भरली तेव्हां सरकारी नोकर म्हणून रानड्यांस कडेस बसावें लागलें. शास्त्रीबोवांची लेखणी मोकळी होती, पण तिला शत्रु फार झाले आणि कित्येकदां ती स्वैरही झाली. जोतीराव फुले यांच्यावर त्यांनीं जी टवाळी केली ती आज वाचवत नाहीं.

फुल्यांचें नांव आलें म्हणून सांगतों. जोतीराव कधीं सरकारी चाकर नव्हते. व्यापार आणि ठेकेदारी यांवर ते जगले. शाळा, कचेऱ्या, न्यायालयें यांतील जागा मूठभर जातींच्याच हातीं कां, हा प्रश्न त्यांनीं आयुष्यभर लावून धरला. नोकरी सोडण्याच्या आपल्या साऱ्या थोर कथा ज्यांस नोकरी मिळत होती त्यांच्याच आहेत. माळ्याच्या, कुणब्याच्या, महाराच्या मुलास त्या काळीं सोडावयास खुर्चीच नव्हती. आणि घरांतील स्त्रियांस तर राजीनामा देण्याआधीं कोणी विचारल्याचें दिसत नाहीं. संसार मात्र त्यांनाच चालवावा लागला.

न्यू इंग्लिश स्कूलच्या मंडळींनीं पुढें १८८४ सालीं डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापिली, आणि गंमत अशी कीं तेथेंही वीस वर्षें सेवेचें बंधन आलें, ठरीव वेतन आलें, आयुष्याचा विमा आला. बाहेरून कोणी किती मिळवावें यावरून वाद झाले. १८९० सालीं टिळकांनीं लांबलचक पत्र लिहून तेथील राजीनामा दिला. बेडी तोडणाऱ्यांनीं घडविलेल्या घरांतूनही एकास बाहेर पडावें लागलें. फरक इतकाच कीं या वेळीं दार बंद करणारे त्याचे मित्रच होते.

पेन्शनीचा हिशेब मी आरंभीं सांगितला. तोही पुरा करतों. विष्णुशास्त्री सरकारी शाळेंत राहते तर १९०५ सालीं पंचावन्न वर्षांचे होऊन पेन्शनीस पात्र झाले असते. १७ मार्च १८८२ रोजीं, बत्तीस वर्षेंही पुरीं झालीं नव्हतीं, ते पुण्यास वारले. कोल्हापूर प्रकरणाचा खटला त्या वेळीं चालू होता. त्याचा निकाल लागून टिळक-आगरकर डोंगरीच्या तुरुंगांत गेले तें पाहण्यास ते उरले नाहींत. रानडेही हायकोर्टाच्या जागेवर असतांनाच १६ जानेवारी १९०१ रोजीं वारले. तिघांपैकीं एकासही पेन्शनीचा एक रुपया मिळाला नाहीं.

निबंधमालेचे चौऱ्यायशीं अंक निघाले. त्यांतील शेवटचा मोठा निबंध 'आमच्या देशाची स्थिति' हा सरकारनें १९१० सालीं जप्त केला. पुढें सत्तावीस वर्षें तो जवळ बाळगणें गुन्हा होता. १९३७ सालीं काँग्रेसचें मंत्रिमंडळ आलें तेव्हां ती बंदी उठली, आणि शास्त्रीबोवांनीं ज्या खात्याची नोकरी सोडली होती त्याच खात्याच्या शाळांतील मास्तरांस तो निबंध उघडपणें हातांत धरतां आला.